पहिला पियानो निवडताना: आधी बोटं, मग कान, शेवटी डोळे

पियानोचा क्लास ठरला की आठवडाभरात घरी वाद्य हवं असतं आणि घाई होते ती नेमकी इथेच. पाचशे आवाज, दोनशे ताल, चमकणारा पडदा, सोबत घडीचा स्टँड असं बरंच काही समोर मांडलेलं असतं. ज्या गोष्टीवर शिकणाऱ्याची पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात, ती माहितीपत्रकात कुठेतरी खाली, एका ओळीत लिहिलेली असते: पट्टी दाबली की बोटाला काय जाणवतं आणि बोटाने जे केलं ते आवाजात उतरतं का.

क्लास आठवड्यातून एकदा किंवा दोनदा असतो. बाकीचे सगळे दिवस हात घरच्या वाद्यावर असतात, त्यामुळे हाताला वळण लागतं तेही त्याच वाद्याचं. शिक्षक क्लासमध्ये ‘हळू वाजव’ म्हणतात आणि घरचं वाद्य हळू वाजवा की जोरात, एकाच आवाजात बोलतं, असं असेल तर कितीही हुशार विद्यार्थी अडकणारच. म्हणून या लेखात टचला, म्हणजे पट्टीच्या या स्पर्शाला आणि प्रतिसादाला, मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. रंग, आकार आणि तालांची संख्या यांना जवळजवळ दिलेलीच नाही.

पायरी १ : आधी घराकडे आणि शिकणाऱ्याकडे पाहा

कोणतंही वाद्य बघण्याआधी काही गोष्टी कागदावर लिहून काढा. शिकणारं सात वर्षांचं मूल आहे की चाळिशीतला माणूस? सरावाची वेळ कोणती? रात्री दहानंतरच वेळ मिळणार असेल तर हेडफोन लावता येणारं वाद्य घेण्याला पर्याय नाही. वाद्य कायम एका जागी राहील की दर वेळी काढून परत ठेवावं लागेल? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कपाटावरून काढून, स्टँड उघडून, वायर जोडून सराव करायचा असेल तर तो सराव होत नाही. वाद्य नेहमी उघडं आणि हाताशी असावं, म्हणजे जाता-येता पाच मिनिटं वाजवलं जातं. सुरुवातीच्या काळात ही पाच-पाच मिनिटंच कामाला येतात.

घर वरच्या मजल्यावर असेल तर जिना आणि दारं मोजून ठेवा. उभा अकूस्टिक (खऱ्या तारांचा) पियानो साधारण २०० ते ३०० किलोचा असतो. उलट, सुटसुटीत डिजिटल पियानो बारा-पंधरा किलोचाही मिळतो.

शिक्षक ठरले असतील तर त्यांना विचारा, पण ‘कोणता घेऊ?’ असं मोघम विचारू नका. ‘क्लासमध्ये कोणत्या वाद्यावर शिकवता, आणि घरी किमान काय असलंच पाहिजे?’ असं विचारलंत तर उत्तर उपयोगाचं मिळेल.

पायरी २ : प्रकार ओळखा

पियानोसारखी दिसणारी वाद्यं बरीच आहेत. आतून ती अगदी वेगळी असतात.

इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पहिला पियानो घडवला. त्याने बनवलेले तीन पियानो आज शिल्लक आहेत. त्यातला सर्वांत जुना, १७२० सालचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की एक छोटी नखी तार छेडायची. बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने नखीऐवजी हातोडी आणली आणि आवाजाचं लहान-मोठं होणं थेट बोटाच्या ताब्यात गेलं. टच रिस्पॉन्स (बोटाच्या वेगानुसार आवाज बदलणं) नसलेला स्वस्त कीबोर्ड विकत घेणारा माणूस तीनशे वर्षं मागे जातो, असं मला नेहमी वाटतं. हार्पसिकॉर्डचा आवाज तरी सुंदर होता!

आज समोर येणारे पर्याय असे. अकूस्टिक पियानोत खऱ्या तारा, खऱ्या हातोड्या आणि लाकडी साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, असतो. तो उभा म्हणजे अपराइट असतो किंवा आडवा म्हणजे ग्रँड. डिजिटल पियानोत पट्टीखाली वजनाची किंवा हातोडीसारखी यंत्रणा असते आणि आवाज इलेक्ट्रॉनिक असतो. कीबोर्ड हा हलका प्रकार, पट्ट्यांखाली स्प्रिंग असलेला, आवाजांची आणि तालांची भरपूर सोय असलेला. सिंथेसायझर आवाज घडवण्यासाठी असतो, त्याचा इथे विचार नको. शिवाय सायलेंट आणि हायब्रिड असेही प्रकार आहेत, ज्यात खऱ्या पियानोची यंत्रणा आणि हेडफोनची सोय एकत्र येते. ते उत्तम असतात, पण पहिल्या वाद्यासाठी क्वचितच परवडतात.

घरात पेटी आहे म्हणून काही महिने तिच्यावर भागवू, असा विचार पुष्कळ जण करतात. स्वरांच्या जागा ओळखण्यापुरतं ते ठीक आहे. पण पेटीत आवाज भात्याने लहान-मोठा होतो, बोटाने नाही. शिवाय एक हात भात्यावर अडकतो, तर पियानोत दोन्ही हात पहिल्या महिन्यापासून लागतात.

माझं सरळ मत असं: जागा, शेजार आणि देखभालीची तयारी असेल आणि चांगल्या अवस्थेतला अपराइट मिळत असेल, तर तो घ्या. नाहीतर ८८ पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा, म्हणजे पट्टीमागे खरोखर हलणारी हातोडी असलेला, डिजिटल पियानो घ्या. बहुसंख्य घरांसाठी दुसरंच उत्तर बरोबर ठरतं आणि त्यात कमीपणा काही नाही. मोडकळीला आलेल्या, बेसूर अकूस्टिकपेक्षा साधा पण नीट चालणारा डिजिटल शंभर पटींनी बरा.

ग्रँडबद्दल एवढंच: दीड मीटरहून आखूड ग्रँडच्या खर्जाच्या तारा उंच अपराइटच्या तारांपेक्षा लांब नसतात, त्यामुळे तो दिसायला भारदस्त असला तरी खालचे स्वर तितके भरीव नसतात. मैफिलीतला मोठा ग्रँड २७४ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. तो आवाज दिवाणखान्यातल्या छोट्या ग्रँडकडून मिळणार नाही.

पायरी ३ : पट्ट्या किती?

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, सगळ्यात वरचा सुमारे ४१८६ हर्ट्झचा. पहिल्या वर्षातली बहुतेक गाणी मधल्या तीन-चार सप्तकांत मावतात. मोझार्टच्या काळातले पियानोही साधारण पाच सप्तकांचेच होते. तेव्हा ६१ पट्ट्यांवर, म्हणजे पाच सप्तकांवर, सुरुवातच होत नाही, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल.

अडचण पुढे येते. पेडल (पायाने दाबायचा खटका; तो दाबला की सोडलेला स्वरही घुमत राहतो) लावून खर्जाचा स्वर धरायचा आणि वर धून वाजवायची, अशा रचना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येऊ लागतात आणि पट्ट्या संपतात. दुसरं असं की, ६१ पट्ट्यांच्या बहुतेक वाद्यांत खरी हॅमर ॲक्शन नसतेच. ७३ किंवा ७६ पट्ट्यांचं, पण हॅमर ॲक्शन असलेलं वाद्य आणि ८८ पट्ट्यांचं, पण स्प्रिंगवालं वाद्य यांत निवडायची वेळ आली, तर मी पहिलं घेईन.

पट्टीची रुंदी मात्र तडजोडीची गोष्ट नाही. पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि सप्तक सुमारे १६५ मिलिमीटरचं, हे प्रमाण जगभर जवळपास सारखं असतं. लहान मुलांसाठी म्हणून विकलेल्या बारीक पट्ट्यांच्या वाद्यावर हाताला अंतरांची सवय लागली की क्लासमध्ये प्रत्येक उडी चुकते. दुकानात मोजपट्टी न्यायला लाजू नका.

पायरी ४ : टच, म्हणजे खरी परीक्षा

अकूस्टिक पियानोत पट्टी दाबली की तरफांच्या साखळीतून हातोडी वर फेकली जाते. तारेला भिडण्याच्या अगदी थोडं आधी ती पट्टीपासून सुटते आणि शेवटचे काही मिलिमीटर स्वतःच्या वेगाने जाते. बोटाच्या हाती उरतो तो फक्त वेग. मधली पट्टी अगदी सावकाश खाली जायला सुमारे ५० ग्रॅम वजन लागतं आणि ती साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या दहा मिलिमीटरमध्ये पियानोवादक आपलं सगळं बोलणं बसवतो.

डिजिटलमध्ये तारा नसतात, पण पट्टीखाली दोन किंवा तीन सेन्सर असतात. पहिला आणि दुसरा सेन्सर लागण्यामधला वेळ मोजून यंत्र वेग ठरवतं. पट्टी पूर्ण वर न येताच पुन्हा दाबली, तर तीन सेन्सरवालं वाद्य तोही स्वर पकडतं. दोनवाल्यात तो कधी कधी गळतो.

आता जाहिरातीतले शब्द. इथे फसगत जास्त होते, म्हणून सावकाश वाचा. ‘टच सेन्सिटिव्ह’ किंवा ‘टच रिस्पॉन्स’ म्हणजे वेगानुसार आवाज बदलतो इतकंच. पट्टीला वजन आहे असा अर्थ होत नाही. ‘पियानो-स्टाइल कीज’ म्हणजे पट्टीचा आकार पियानोसारखा ठोकळ्याचा. खाली स्प्रिंगच असू शकते. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे स्प्रिंगला थोडं वजन जोडलेलं. ‘वेटेड’ किंवा ‘फुली वेटेड’ म्हणजे वजन आहे, पण सगळीकडे सारखं असण्याची शक्यता. ‘हॅमर ॲक्शन’ म्हणजे प्रत्येक पट्टीमागे खरोखर एक हलणारी हातोडी. ‘ग्रेडेड हॅमर ॲक्शन’ म्हणजे खर्जाकडे पट्ट्या किंचित जड आणि वरच्या सप्तकांत हलक्या, खऱ्या पियानोत असतात तशा. शिकणाऱ्यासाठी शेवटचे दोन शब्द शोधा. ‘८८ कीज’ एवढंच ठळक लिहून टचबद्दल मौन पाळलेलं असेल, तर ते मौन बोलकं समजा.

वाद्यासमोर बसल्यावर काय करायचं? वाजवता येत नसलं तरी पुढचं सगळं करता येतं.

आधी यंत्र बंद ठेवूनच पट्ट्या दाबा. आवाज नसला की बोटाला आणि कानाला यंत्रणा कळते. ठक-ठक किती होते ते ऐका, कारण रात्री हेडफोन लावले तरी हा ठोका जमिनीतून खालच्या घरात पोचतो. पट्टी डावी-उजवीकडे किती डुगडुगते पाहा. किंचित हालचाल सगळीकडे असते. सैल खुळखुळाट नको.

मग एकच पट्टी घ्या आणि दहा-बारा वेळा वाजवा, जवळजवळ ऐकू न येण्यापासून सुरू करून हळूहळू चढवत. आवाज पायरी-पायरीने वाढला पाहिजे. तीनच पातळ्या जाणवल्या, म्हणजे लहान, मध्यम, मोठा आणि मधे काही नाही, तर वाद्य बाजूला ठेवा. आता उलट करा: इतक्या हळू दाबा की आवाजच येणार नाही. खऱ्या पियानोत असं करता येतं. प्रत्येक वेळी आवाज येतोच असं असेल, तर टचची सेटिंग ‘फिक्स्ड’वर (कसंही दाबा, आवाज एकच) नाही ना, ते विचारून घ्या.

यानंतरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत. पट्टी टोकाला नको, आत, जिथे काळ्या पट्ट्या संपतात तिथे दाबून पाहा. ती सगळ्याच वाद्यांत जरा जड लागते, कारण तरफेचा हात तिथे आखूड होतो. पण स्वस्त यंत्रणांत पट्टीचा न दिसणारा मागचा भाग इतका तोकडा असतो की आत दाबायला दुप्पट जोर लागतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिसळून वाजवताना बोटं आत जावीच लागतात आणि मग मनगट ताठतं. सातआठ वर्षांच्या मुलासाठी हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

शेवटी एकाच पट्टीवर दोन बोटांनी आलटून-पालटून जलद ठोके द्या. स्वर गळतात का ते कळेल. अपराइट पियानोही इथे ग्रँडपेक्षा मंद असतो. पट्टी पूर्ण वर न येता पुन्हा वाजवता यावी, अशी युक्ती सेबास्तियां एरार याने १८२१ साली ग्रँडसाठी पेटंट केली आणि ती ग्रँडमध्येच राहिली. नवशिक्याला या फरकाने काही अडत नाही.

जड पट्टी म्हणजे चांगली पट्टी, बोटं मजबूत होतील, असं कुणी सांगेल. ऐकू नका. अवाजवी जड टचवर लहान हात ताण घेऊनच वाजवायला शिकतो आणि तो ताण सोडवायला शिक्षकांचे महिने जातात.

पायरी ५ : आवाज

टच पसंत पडलेल्या दोन-तीन वाद्यांचाच आवाज तपासा, म्हणजे गोंधळ होत नाही. डिजिटल वाद्य आतल्या स्पीकरवर आणि हेडफोनवर असं दोन्हीकडे ऐका. पुष्कळदा आवाज मुळात चांगला असतो, स्पीकर बिचारे असतात.

खर्जाची एक पट्टी दाबून धरा आणि शांत बसा. स्वर हळूहळू, एकसंध विझत गेला पाहिजे. चार सेकंदांनी तो एकाच लाटेत घुमायला लागला किंवा झटकन तुटला, तर आतलं पियानोच्या स्वरांचं ध्वनिमुद्रण काटकसरीने केलेलं आहे. मग खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवत जा. एखाद्या ठिकाणी शेजारच्या दोन पट्ट्यांचे पोत अचानक वेगळे वाटले तर लक्षात ठेवा.

आणखी एक मजेची चाचणी. खर्जाचा ‘सी’ आवाज न करता दाबून धरा, मग एक सप्तक वरचा ‘सी’ झटकन वाजवून सोडा. खऱ्या पियानोत उघडी राहिलेली खालची तार आपसूक गुणगुणायला लागते. चांगल्या डिजिटलमध्येही हा अनुनाद असतो. नसला तरी वाद्य नाकारायचं कारण नाही, पण दोन सारख्या वाद्यांत निवड करायला कामी येतो.

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती स्वर घुमू शकतात तो आकडा. १२८ असला की निश्चिंत राहा. ६४ वरही सुरुवात होते. आवाजांची संख्या, ताल, साथ हे सगळं दुर्लक्ष करण्याजोगं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारी सोय) आणि स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करण्याची सोय मात्र असू द्या. यूएसबीने संगणकाला जोडता आलं तर बरंच.

पायरी ६ : पेडल

डिजिटलसोबत बहुधा चौकोनी बटणासारखं छोटं पेडल येतं. ते जमिनीवर सरकत राहतं आणि फक्त चालू-बंद एवढंच जाणतं. शक्य तितक्या लवकर खऱ्या पियानोच्या आकाराचं, जड बैठकीचं पेडल घ्या, आणि वाद्याला चालत असेल तर हाफ-पेडल, म्हणजे अर्धं दाबलेलंही, समजणारं. विकत घेण्याआधी एवढं बघा की वाद्याच्या मागे पेडलची जोडणी प्रमाण आकाराची आहे का. तीन पेडलांची काळजी आत्ता नको. पहिली काही वर्षं काम उजव्या पेडलचंच. अपराइटवरचं मधलं पेडल पुष्कळदा तारा आणि हातोड्यांमध्ये फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी आणून आवाज दाबण्यासाठी असतं; सरावाच्या वेळी शेजाऱ्यांसाठी ते बरं, पण कायम त्यावरच वाजवलं तर कान आणि बोट दोन्ही फसतात.

पायरी ७ : जुना अकूस्टिक पियानो तपासताना

फुकटच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पियानोचे मात्र मोजावेत, सगळेच्या सगळे ८८. नात्यात कुणीतरी ‘आमचा पडून आहे, घेऊन जा’ म्हणतं आणि वाहतूक, दुरुस्ती, ट्यूनिंग यांत नव्या डिजिटलइतका खर्च होऊनही वाद्य सुरात राहत नाही, हे नेहमीचं आहे.

आधी विचारा: किती वर्षांचा, शेवटचं ट्यूनिंग कधी, कुठे ठेवलेला होता? बहुतेक पियानोंवर आत, लोखंडी चौकटीवर किंवा झाकणाखाली, अनुक्रमांक असतो. तो टिपून घ्या, त्यावरून निर्मितीचं साल शोधता येतं.

पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. हा ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते. चौकटीला तडा असेल तर तपासणी तिथेच संपली, घरी जा.

आता मधल्या ‘ए’ स्वराची कंपनसंख्या ट्यूनर ॲपवर पाहा. ती ४४० असायला हवी. सगळा पियानो सारखाच थोडा उतरलेला असेल तर घाबरू नका, बरेच दिवस ट्यूनिंग झालेलं नसेल. पण ‘ए’ ४१५ च्या आसपास असेल, म्हणजे वाद्य जवळजवळ अर्धा स्वर खाली असेल, तर ते वर आणायला एकाहून जास्त बैठका लागतात आणि जुन्या, गंजलेल्या तारा तुटण्याचा धोका असतो.

त्याहून वाईट लक्षण वेगळं आहे. मधल्या आणि वरच्या भागात प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा असतात. बहुतेक स्वर ठीक आणि मधेच काही स्वर भयंकर बेसूर, त्या तीन तारा आपसात भांडतायत असं ऐकू आलं, तर तारा गुंडाळलेल्या खुंट्या सैल झाल्या असाव्यात. खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात ते लाकूड भेगाळलं की ट्यूनिंग टिकत नाही. खुंट्यांभोवती गडद डाग दिसले, किंवा काही खुंट्या इतरांपेक्षा जास्त आत ठोकलेल्या दिसल्या, तर आधी कुणीतरी हाच आजार झाकलेला आहे.

टॉर्च घ्या आणि अपराइटचं वरचं, पुढचं आणि खालचं फळकुट काढायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच. हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे खोल चर असतील तर फेल्ट झिजलाय. थोडी घासून दुरुस्ती होते, पण लाकूड दिसायला लागलं असेल तर हातोड्या बदलाव्या लागतील. फेल्ट कसर लागून कुरतडलेला आहे का, तळाशी उंदरांचं घर आहे का, लाकडाला वाळवी आहे का, हेही त्याच टॉर्चने बघा. मागून साउंडबोर्ड तपासा. त्याला बारीक भेग असणं घातक नाही, पण जोरात वाजवल्यावर झणझणाट येत असेल तर ती घातक आहे. तारा ज्या लाकडी पुलावरून जातात, त्याच्या खिळ्यांभोवती चिरा असतील तर साउंडबोर्डच्या भेगेपेक्षा तो मोठा दोष आहे.

मग प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवून सोडा. सोडल्यावर आवाज लगेच थांबला पाहिजे. सगळ्यात वरच्या सुमारे वीस पट्ट्यांचा आवाज थांबत नाही, कारण तिथे डँपर, म्हणजे तार दाबून आवाज थांबवणाऱ्या गाद्या, नसतातच. हा दोष नाही. एखादी पट्टी खाली अडकून राहिली तर बहुधा दमटपणाने लाकूड फुगलंय. हे काम सोपं असतं.

काही प्रकार मात्र सरळ टाळा. हातोड्यांच्या पुढे तारांची जाळी दिसते, म्हणजे डँपर वर आणि त्यांना ओढणाऱ्या तारा समोर, असे जुने अपराइट ट्यून करणं जिकिरीचं असतं आणि त्यांचे डँपर आवाज नीट थांबवत नाहीत. अगदी बुटके, मीटरभर उंचीचे स्पिनेट पट्ट्यांच्या पातळीखाली बसवलेल्या यंत्रणेमुळे दुरुस्तीला त्रासदायक असतात आणि त्यांचा खर्ज घोगरा असतो. टेबलासारखे चौकोनी जुने पियानो शोभेला ठेवावेत. उंचीचा ढोबळ नियम: ११५ सेंटिमीटरच्या वरचा अपराइट बघा, १२० च्या वरचा मिळाला तर उत्तम.

एवढं सगळं जमलं, तरी पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा ट्यूनर किंवा पियानो दुरुस्त करणारा जाणकार नेऊन दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

जुनं डिजिटल घेताना काम थोडक्यात होतं. सगळ्या पट्ट्या एकेक करून अगदी हळू वाजवा. रबरी संपर्क झिजलेले असले की एखादी पट्टी मधेच ओरडते किंवा मुकी राहते. खडखड वाजणाऱ्या पट्ट्या, हेडफोन लावताना खरखर, मूळ अडॅप्टर हरवलेला, ही बाकीची लक्षणं. फार जुनं मॉडेल असेल तर त्याचे सुटे भाग मिळतात का ते आधी विचारा.

पायरी ८ : घरी आणल्यावर

बजेटमधला काही भाग आधीच बाजूला ठेवा: उंची बदलता येणारी बैठक, पक्का स्टँड, पेडल, हेडफोन, आणि अकूस्टिक असेल तर वाहतूक व ट्यूनिंग. इंग्रजी एक्सच्या आकाराचा घडीचा स्टँड डुगडुगतो आणि गुडघ्यांना जागा देत नाही. चार पायांचा किंवा वाद्याचा स्वतःचा स्टँड घ्या. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर आलं पाहिजे. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा भक्कम ठोकळा ठेवा. अधांतरी पायांनी पाठ सरळ राहत नाही.

डिजिटलच्या व्हॉल्यूमबद्दल एक सूचना, जी मी प्रत्येकाला देतो. आवाज फार कमी ठेवला की मूल पट्ट्यांवर आपटायला लागतं. फार जास्त ठेवला की घाबरत, वरवर स्पर्श करतं. मधली एक पातळी ठरवा, नॉबवर खूण करा आणि ती हलवू नका. आवाज लहान-मोठा करायचं काम बोटांचं. हेडफोन वायरवालेच घ्या, कारण ब्लूटूथमध्ये पट्टी दाबणं आणि आवाज येणं यांत जाणवेल इतका उशीर होतो. हेडफोनची पिन जाड की बारीक ते बघून जोडणी घ्या.

अकूस्टिक पियानो ऊन, एसीचा झोत आणि पावसाळ्यात ओल येणारी भिंत यांपासून दूर ठेवा. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, फार न बदलणारी आर्द्रता त्याला मानवते. नव्या जागी आणल्यावर दोन-तीन आठवडे त्याला स्थिरावू द्या, मग ट्यूनिंग करा, आणि पुढे वर्षातून दोनदा. नव्या पियानोच्या तारा पहिल्या वर्षी ताणल्या जातात, तेव्हा त्याला जास्त वेळा लागतं.

मूल टिकेल की नाही याची खात्री नसेल तर भाड्याने घेण्याची सोय शोधा. काही ठिकाणी भरलेलं भाडं पुढे खरेदीत वळतं करून मिळतं. ‘आधी साधा कीबोर्ड, आवड दिसली तर पुढे बघू’ हा मार्ग मला पटत नाही. बोटाला प्रतिसाद न देणाऱ्या वाद्यावर कंटाळा येतो आणि तो कंटाळा मुलाच्या नावावर लिहिला जातो.

बदलायची वेळ कधी?

चांगला हॅमर ॲक्शनचा डिजिटल पहिली तीन-चार वर्षं आरामात पुरतो. जेव्हा क्लासमध्ये जमलेला एखादा हळुवार स्वर घरी काही केल्या निघत नाही, जलद पुनरावृत्तीत स्वर गळतात, पेडल अर्धं दाबायला शिकवलं जातं आणि घरचं पेडल ते ओळखत नाही, तेव्हा शिक्षकांशी बोला. यातलं एकच लक्षण असेल तर आधी पेडल बदलून किंवा टचची सेटिंग तपासून पाहा. तिन्ही एकदम दिसत असतील, तर पुन्हा मोजपट्टी आणि टॉर्च घेऊन निघा. या खेपेला वाजवून बघायला विद्यार्थ्यालाच पुढे बसवा, कारण आता त्याच्या बोटांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.